आपल्याच तोंडाने : लहान व्यावसायिक आणि विक्रीची भावना

ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना, फर्निचर करणाऱ्या सुताराला, घरून दिवाळीचा फराळ पुरवणाऱ्या कुटुंबाला 'तुम्ही मार्केटिंग कसं करता?' असे विचारले, की बहुतेक वेळा एकच उत्तर येते : 'आम्ही मार्केटिंग करत नाही. आपलं काम बोलतं.' त्याच माणसाच्या दुकानात दिवसभर बसून राहिले तर वेगळे चित्र दिसते. जुने गिऱ्हाईक आले की आधी त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी होते. बिल करताना वरचे वीस रुपये सोडले जातात आणि सोडल्याचे बोलूनही दाखवले जाते. लग्नघरचे काम इतर कामांच्या आधी हातात घेतले जाते, कारण त्या मांडवात शेकडो बायका येणार असतात आणि त्यातली एखादी तरी 'कुणी शिवलं?' असे विचारणार असते. हे सगळे विपणनच. तरीही करणाऱ्याला ते तसे म्हणवत नाही, आणि मार्केटिंगचा विषय निघाला की त्याच्या बोलण्यात संकोच येतो. हे पुस्तक त्या संकोचाविषयी आहे.

या अभ्यासक्षेत्राला अजून सर्वमान्य नाव मिळालेले नाही. त्याचे काही तुकडे वाणिज्य शाखेत आहेत, काही समाजशास्त्रात, काही मानसशास्त्रात, आणि ते तुकडे एकमेकांना क्वचितच भेटतात. म्हणून इथे येणारा वाचक कुठूनही आलेला असू शकतो. तो एम.कॉम.चा विद्यार्थी असेल, बचत गटांना प्रशिक्षण देणारी कार्यकर्ती असेल, किंवा दुपारी दुकानात गर्दी नसताना हे पान वाचणारा दुकानदार असेल. तिघांचेही मनापासून स्वागत आहे. तिसऱ्याचे थोडे अधिक, कारण पुढच्या प्रकरणांत जे म्हटले आहे ते बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार सर्वांत आधी त्याचा आहे.

आधी आवाका पाहू. असंघटित बिगर-शेती उद्योगांच्या केंद्र सरकारच्या वार्षिक पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात अशी ७.३४ कोटी आस्थापने होती. शेती आणि बांधकाम त्यात धरलेले नाही. एवढ्या मोठ्या संख्येच्या लोकांना रोज कोणाला तरी काहीतरी विकावे लागते, आणि ते विकताना त्यांना काय वाटते याविषयी आपल्या विद्यापीठांत फार थोडे लिहिले गेले आहे. कायद्याची व्याख्या इथे मदतीला येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांप्रमाणे अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' ठरतो. त्या एका शब्दाखाली लोणची घालणारी गृहिणीही येते आणि पन्नास कामगारांचा कारखानाही. म्हणून या पुस्तकात रेषा वेगळ्या ठिकाणी आखली आहे. माल करणारे हात, भाव सांगणारे तोंड आणि नकार ऐकणारे कान जिथे एकाच माणसाचे असतात, तो व्यवसाय लहान.

विपणनशास्त्राची मूळ पुस्तके या माणसाकडे पाहून लिहिली गेली नाहीत. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी अशी चौकट मांडली. फिलिप कोटलर यांचे 'मार्केटिंग मॅनेजमेंट' १९६७ मध्ये आले आणि जगभरच्या वर्गांत शिकवले जाऊ लागले. ही मोठी कामे आहेत, आणि त्यांचा अभ्यास टाळून इथे येऊ नये. पण त्यांत निर्णय घेणारा माणूस पगारी व्यवस्थापक असतो. साबण खपला नाही तर त्याची बढती थांबेल, बदली होईल; त्या साबणाला कोणी नावे ठेवली म्हणून संध्याकाळी त्याच्या घरी स्वयंपाकघर शांत होत नाही. १९८१ मध्ये जॉन वेल्श आणि जेरी व्हाइट यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख लिहिला. लहान व्यवसाय म्हणजे मोठ्या व्यवसायाची छोटी प्रत, ही समजूत त्या लेखाने शीर्षकातच नाकारली. त्यांचा भर साधनांच्या टंचाईवर होता : मोठ्या कंपनीला जी चूक खरचटल्यासारखी वाटेल तीच लहानाला बुडवते. पुढे उत्तर आयर्लंडमध्ये डेव्हिड कार्सन यांनी लहान कंपन्यांचे विपणन हे मालकाच्या स्वभावातून, ओळखींतून आणि सवडीतून कसे घडते ते दाखवायला सुरुवात केली. संशोधक सरस सरस्वती यांनी २००१ च्या आपल्या निबंधात अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचे वर्णन केले. हे लोक लक्ष्य ठरवून साधने गोळा करत नाहीत. मी कोण, मला काय येते, मी कोणाला ओळखतो, इथून ते निघतात आणि जे जमेल तिथे पोहोचतात.

या तिसऱ्या प्रश्नावर, 'मी कोणाला ओळखतो' यावर, मला वाचकाला थोडे थांबवायचे आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ओळखी हे भांडवल मानले जाते. ते खरेच आहे. पण ओळखीच्या माणसाला विकणे हेच सर्वांत अवघड असते, ही गोष्ट त्या पुस्तकांत अभावानेच सापडते, आणि ज्याने कधी विक्री केली आहे त्याला ती पहिल्या महिन्यातच कळते.

घरून मसाले करणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. पहिली गिऱ्हाइके सोसायटीतली, माहेरची, मुलांच्या शाळेतल्या आयांच्या गटातली. ज्या वहिनींकडे कालपर्यंत वाटीभर साखर मागितली त्यांना आज पाव किलो गोड्या मसाल्याचा भाव सांगायचा. भाव सांगताना आवाज खाली येतो. 'तुम्हाला काय जास्त सांगणार', 'घरचंच आहे, द्या काय द्यायचं ते', ही वाक्ये तोंडून निघून जातात, आणि रात्री हिशेबाच्या वहीत धण्या-खोबऱ्याचे पैसेही भरून येत नाहीत. प्रशिक्षणाच्या भाषेत हिला 'किंमत ठरवण्याचे कौशल्य' कमी आहे. माझ्या मते तिला एक गोष्ट प्रशिक्षकापेक्षा नीट माहीत आहे : या व्यवहारात मसाल्याबरोबर नातेही पणाला लागले आहे, आणि वाटीभर साखरेचे नाते पुन्हा मिळवायला पाव किलो मसाल्याचा नफा पुरणार नाही. तिच्या संकोचात माहिती आहे. आपल्या क्षेत्राने ती माहिती वाचायला शिकले पाहिजे.

हेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे, आणि पुस्तकाचेही. लहान व्यावसायिकाचा मार्केटिंगबद्दलचा कंटाळा, भीती, लाज, कधी कधी अभिमान, यांकडे दूर करण्याचा अडथळा म्हणून पाहणे सोपे आहे. पण या भावना त्या माणसाचे ज्ञान आहेत. कोण कोणाला काय विकू शकतो, कोणत्या आवाजात, कोणासमोर, याचा त्याने आयुष्यभर केलेला अभ्यास त्या भावनेत साठलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस या दृष्टीने पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपची व्यवसायासाठीची वेगळी सोय २०१८ मध्ये आली. कॅटलॉग, आपोआप जाणारे उत्तर, असे पुष्कळ काही तिच्यात मिळत गेले. पण घरगुती व्यवसायांत ज्या गोष्टीने खरे घर केले ती म्हणजे स्टेटस. 'मी कुणाला मेसेज नाही करत, फक्त स्टेटस ठेवते' हे वाक्य आज महाराष्ट्रात कुठेही ऐकू येते. मेसेज पाठवणे म्हणजे मागे लागणे. स्टेटस म्हणजे आपल्या दारात मांडून ठेवणे. ज्याला हवे तो थांबेल. मेसेजला उत्तर आले नाही तर तो नकार असतो, स्टेटसला उत्तर आले नाही तर काहीच घडलेले नसते. नकाराशिवाय विचारण्याची ही युक्ती कोणत्याही सल्लागाराने शिकवलेली नाही. बायकांनी ती स्वतः शोधली.

तिचीही किंमत आहे. स्टेटस कोणी पाहिले त्यांची यादी दिसते. नणंदेने पाहिले, जुन्या मैत्रिणीने पाहिले, शेजारणीने रोज पाहिले, आणि एकीनेही 'अरे वा' म्हटले नाही. मोठ्या कंपनीच्या जाहिरात विभागात असे पाहणारे लोक हा एक आकडा असतो. इथे प्रत्येकाला नाव आहे आणि पुढच्या हळदीकुंकवाला त्यांना भेटायचे आहे. या यादीने होणाऱ्या दुःखावर मी वाचलेल्या कोणत्याही विपणनाच्या पाठ्यपुस्तकात एक परिच्छेदही नाही. नवीन अभ्यासकाला विषय हवा असेल तर हा घ्यावा.

समाजशास्त्राने आपल्याला इथे चांगली हत्यारे दिली आहेत. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या हसण्याचा अभ्यास केला आणि दाखवले की भावना आवरणे आणि दाखवणे हे स्वतःच श्रम आहेत, आणि ते पगारात विकले जातात. ही कल्पना आपल्याला लागते. तरी फरक लक्षात ठेवावा : सेविका ड्युटी संपली की गणवेश उतरवते, वाण्याचे दुकान मात्र राहत्या घराच्या पुढच्या खोलीत असते. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराविषयी १९७८ मध्ये लिहिले, की जिथे मालाची खरी माहिती मिळणे कठीण असते तिथे लोक माहिती शोधत बसण्याऐवजी माणसे धरून ठेवतात. आपल्याकडचा 'नेहमीचा दुकानदार' हाच. व्हिव्हियाना झेलिझर यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत आयुर्विमा विकताना झालेला नैतिक विरोध तपासला. माणसाच्या जिवाला किंमत लावणे लोकांना पाप वाटत होते. पैशाच्या व्यवहारांत भावना बाहेरून घुसत नाहीत, त्या मुळापासून तिथे असतात, हे तिघांनी तीन वाटांनी सांगितले.

आपल्या घरच्या परंपरेतही पाया आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ पासून दोन भागांत प्रसिद्ध झाली. शहरातल्या लहान धंद्यांकडे इतक्या बारकाईने पाहण्याचा तो प्रयत्न आजही विद्यार्थ्याने मुळातून वाचावा. त्या पाहणीचा रोख व्यवसाय आणि उत्पन्न यांवर होता. दुकानदाराच्या मनात शिरणे हे तिचे काम नव्हते. ते काम आपल्यावर आहे.

मराठी व्यावसायिकाच्या संकोचाला दोन जुनी मुळे आहेत. एक संस्कारांचे. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणाऱ्याची गणना आहे, आणि ज्या घरात दासबोध कधी उघडला गेला नाही तिथेही ही शिकवण पोहोचलेली असते. त्याच घरांत, बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हणही असते. दोन्ही एकाच आजीकडून ऐकलेले असतात. या ताणातच माणूस दुकान उघडतो. शिवाय प्रतिष्ठेचे व्यवसाय जाहिरात करत नाहीत हे तो पाहत असतो : बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरातीची मनाई केली आहे, आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांतही रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे बसत नाही. चांगल्या माणसाकडे लोक आपणहून येतात, ही समजूत कायद्यानेच पक्की केलेली असेल तर शिंप्याने ती मनात धरली यात नवल नाही.

दुसरे मूळ अधिक कठोर आहे. बलुतेदारीत गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. सुताराची, कुंभाराची, चांभाराची घरे ठरलेली, मोबदला सुगीला धान्यात, आणि तो किती मिळणार हे काम करणाऱ्याच्या हाती नसे. त्या व्यवस्थेत आपल्या कामाची किंमत स्वतः सांगणे हे उद्धटपणात जमा होई. बलुते गेले, पण कोणाच्या तोंडी भाव शोभतो आणि कोणाच्या तोंडी नाही, याचा हिशेब समाजाच्या मनातून गेला नाही. सुरिंदर जोधका यांनी पानिपत आणि सहारनपूर इथल्या दलित व्यावसायिकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. धंद्यात उतरल्यावरही जात पाठ सोडत नाही हे त्यात स्पष्ट दिसते. पुण्यात २००५ मध्ये दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन झाली तेव्हा तिने व्यवसायाच्या संधीबरोबर हा प्रश्नही उघड्यावर आणला. पाटीवर मालकाचे आडनाव लिहायचे की 'साई', 'ओम', 'न्यू' असे काही लिहायचे, हा निर्णय एका व्यावसायिकासाठी दोन मिनिटांचा असतो आणि दुसऱ्यासाठी रात्रभराचा. 'स्वतःचा ब्रँड बना' असा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आपले नाव पुढे करणे सगळ्यांना सारख्याच भावात पडत नाही.

आता ज्यांनी या कोंडीतून वाट काढली त्यांच्याकडे वळू. महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात याचे सर्वांत समृद्ध उदाहरण किर्लोस्करांचे आहे, आणि मी त्यावर जरा रेंगाळणार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावात सायकलींच्या दुकानापासून झाली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा तो घ्यायला शेतकरी तयार नव्हता, कारण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. नांगर चांगला होता. म्हणजे 'काम' तयार होते, पण ते बोलत नव्हते. पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. 'माल चांगला असला की गिऱ्हाईक येतंच' या श्रद्धेला याहून स्पष्ट उत्तर सापडणार नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे ते पत्रक होते. शंकरराव चित्रकार होते, लिहिते होते. पत्रक हळूहळू मासिक झाले, नांगरांच्या बातम्यांबरोबर त्यात गोष्टी आणि विचार आले, आणि १९२९ पासून ते 'किर्लोस्कर' झाले. 'स्त्री' आणि 'मनोहर' त्याच घरातून निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या त्यांचा उगम एका कारखान्याच्या प्रसिद्धिपत्रकात आहे.

हे उदाहरण यशोगाथा म्हणून मी देत नाही. त्यातली भावनेची बाजू महत्त्वाची आहे. शंकररावांनी स्वतःच्या मालाची स्तुती करण्याचा संकोच असा सोडवला की वाचकाला मालापेक्षा मोठे काहीतरी दिले. देणारा माणूस मागणारा राहत नाही. आज शेवग्याच्या पानांची पावडर विकणारी बाई रोज एक पाककृती व्हिडिओतून सांगते, किंवा सायकल दुरुस्त करणारा तरुण घरच्या घरी पंक्चर काढायला शिकवतो, तेव्हा तीच वाट चालली जाते. फक्त किर्लोस्करवाडीत लिहायला वेगळा माणूस होता. आज तीच बाई पानेही सुकवते, व्हिडिओही काढते, रात्री अकराला कमेंटला उत्तरही देते, आणि व्हिडिओ कमी लोकांनी पाहिला तर चूक पावडरीत की आपल्या चेहऱ्यात हे तिला कळत नाही.

दुसरी वाट लिज्जतची. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या भांडवलावर गच्चीत पापड लाटायला घेतले. त्या प्रामुख्याने गुजराती घरांतल्या होत्या, पण ही कहाणी मुंबईच्या चाळींची आणि म्हणून आपलीही आहे. तिच्याकडे स्वावलंबनाची कथा म्हणून पाहिले जाते. विपणनाच्या भावनेच्या दृष्टीने तिच्यात आणखी काही आहे. श्री महिला गृह उद्योगात, म्हणजे लिज्जतच्या संस्थेत, सभासद बहीण सकाळी मळलेले पीठ घरी नेते, लाटते, आणि पापड केंद्रावर परत देते. शेजारणीला पापड विकायची वेळ तिच्यावर येत नाही. भाव संस्था ठरवते, विक्री संस्था करते, दूरदर्शनवरची जाहिरात संस्थेची. बाईच्या वाट्याला मालकी आली, मजुरी आली, आणि नकार ऐकणे तेवढे तिच्यापासून दूर राहिले. संस्थेने हे मुद्दाम योजले की ओघात घडले यावर मतभेद होऊ शकतो. माझ्या मते परिणाम इतका मोठा आहे की बचत गटांच्या धोरणात त्याचा वेगळा विचार व्हायला हवा होता.

कारण बचत गटांच्या बाबतीत आपण उलट केले. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आणि 'उमेद' अभियान २०११ पासून राज्यात काम करत आहे. लाखो बायका त्यांच्यामुळे बँकेच्या दारात पोहोचल्या, आणि हे काम कोणीही हलके मानू नये. तरीही विक्रीचा प्रश्न आला की उत्तर पॅकिंग, लेबल आणि स्टॉल इथपर्यंतच जाते. त्यातला स्टॉल का चालतो हे मात्र पाहण्यासारखे आहे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गडचिरोलीची किंवा सिंधुदुर्गाची बाई मोकळ्या आवाजात भाव सांगते, चव घ्यायला बोलावते, घासाघीस करणाऱ्याला हसून परत पाठवते. गावात तिला हे करता येत नाही. इथे समोरचे कोणीच तिच्या सासरचे नाही आणि माहेरचेही नाही. अनोळखी गिऱ्हाईक ही तिला मिळालेली सवलत आहे. दिवाळीआधी परदेशातल्या मराठी घरांसाठी फराळाची पार्सले बांधणारी कुटुंबेही हेच सांगतील : न्यू जर्सीतल्या न पाहिलेल्या माणसाला चकलीचा भाव सांगणे खालच्या मजल्यावर सांगण्यापेक्षा सोपे जाते.

तिसरी वाट गावाच्या नावाची, आणि तिच्यात आज सर्वांत जास्त राग साठला आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे. अथणीचा कारागीरही कोल्हापूरच्या नावाने चप्पल करतो. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि सुरुवातीला त्यांच्या उगमाचा उल्लेख नव्हता. इथे संताप उसळल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातून आपल्या क्षेत्रासाठी एक प्रश्न निघताना दिसतो. इथे नावाला प्रसिद्धीची गरजच नव्हती. कोल्हापुरी हे नाव देशभर आधीच गाजलेले होते. गाजलेल्या नावाचा पैसा आणि मान चामडे कमावणाऱ्या, पट्टे विणणाऱ्या घरापर्यंत पोहोचत नव्हता. मार्केटिंग कमी पडले म्हणून कारागीर गरीब, या स्पष्टीकरणाला हे उदाहरण अडवते. देवगडच्या आंबा बागायतदाराची तऱ्हा याच जातीची. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, तरी दुसऱ्याच मुलखातला आंबा देवगडच्या पेटीत विकला जातोच. अलीकडे तिथल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावायला सुरुवात केली. आपल्याच आंब्याच्या खरेपणाचा पुरावा आपणच चिकटवायचा, यात बागायतदाराला सुरक्षितता वाटते की अपमान, हे विचारायला कोणी तरी जायला हवे.

अभिमानाविषयी थोडे. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी, किंवा चितळ्यांचे दुकान वर्षानुवर्षे दुपारी बंद असे ती शिस्त, यांची पुण्याबाहेर थट्टा होते. अभ्यासकाने त्या थट्टेत सामील होऊ नये. वाढायचे नाही, धावायचे नाही, जेवढे नीट करता येईल तेवढेच करायचे, हा व्यवसायाविषयीचा पूर्ण विचार आहे, आणि वाढ हेच यश मानणाऱ्या आपल्या शास्त्राकडे त्याच्यासाठी मोजमाप नाही.

पद्धतीबद्दल काही सूचना. प्रश्नावली घेऊन गेले की 'आम्ही मार्केटिंग करत नाही' हेच उत्तर मिळेल, आणि तक्त्यात शून्य भरले जाईल. त्याऐवजी गल्ल्याशेजारी बसावे. शेवटचे नवे गिऱ्हाईक कसे आले, ते कोणाच्या ओळखीने आले, त्याला भाव कोणी सांगितला, हे विचारावे. नवरा-बायको मिळून चालवत असलेल्या दुकानात भाव कोण सांगते आणि उधारी मागायला कोणाला पाठवतात, ही विभागणी शब्दांपेक्षा जास्त सांगते. कागद जपावेत : जुन्या पाट्यांचे फोटो, हँडबिले, बिलबुके, दुकानाच्या नावाची कॅलेंडरे, लग्नपत्रिकेच्या मागे छापलेल्या जाहिराती. आपल्या ग्रंथालयांत कारखानदारांची चरित्रे आहेत, हे कागद मात्र रद्दीत जातात.

आणि सर्वांत मोठी उणीव : आपल्याजवळ जी साधने आहेत ती टिकलेल्यांची आहेत. आत्मचरित्र यशस्वी माणूस लिहितो, मुलाखत चालू दुकानात होते, पुरस्कार वाढलेल्याला मिळतो. ज्यांनी दोन वर्षे स्टेटस ठेवले आणि मग ठेवायचे थांबवले, त्यांना काय वाटले हे आपल्याला त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागेल, आणि विचारताना त्यांची जखम उघडणार नाही याची काळजी घ्यावी लागेल. शेवटचे प्रकरण बंद झालेल्या दुकानांवर आहे. ते सर्वांत लहान आहे, आणि पुढच्या आवृत्तीत ते मोठे व्हावे ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

पहिले प्रकरण पाट्या आणि हँडबिलांचे, दुसरे भाव सांगण्याचे, तिसरे नकाराचे, चौथे गावाच्या नावावर चालणाऱ्या धंद्यांचे. क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. पण सुरुवात करण्याआधी वाचकाने ओळखीच्या एका व्यावसायिकाकडे जावे, शक्यतो दुपारी, गिऱ्हाईक नसताना. ओळखीतल्या कोणी शेवटचे 'नको' कधी म्हटले आणि त्यानंतर त्या दोघांचे बोलणे कसे राहिले, एवढेच विचारावे. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. तिसऱ्या प्रकरणात ते लागेल.